ऑफिसात परवानगीविना वापरली जाणारी ॲप्स : सोमवारपासून सगळं ब्लॉक करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरी एमआयडीसीतली, मशीनचे सुटे भाग निर्यात करणारी १८० माणसांची कंपनी. तुम्ही आयटी मॅनेजर. ‘कामासाठी कोणती ॲप्स वापरता’ असा फॉर्म तुम्ही सगळ्यांना पाठवलात. उत्तरांत व्हॉट्सॲप, स्वतःचं जीमेल, पीडीएफ लहान करणाऱ्या साइट्स आणि चॅटजीपीटी सगळं निघालं. मालक म्हणाले, सोमवारपासून सगळं ब्लॉक. त्यात अकाउंट्समधल्या एका मुलीनं खरं खरं लिहिलं, की कामगार कार्यालयाचं मराठी पत्र आणि सोबतची कामगारांची यादी तिनं चॅटजीपीटीत टाकून इंग्रजी मसुदा करून घेतला. तिला मेमो गेला. ब्लॉक करू का, आणि मेमो बरोबर होता का, असं तुम्ही विचारलंय.

मेमोकडे शेवटी येतो. आधी ब्लॉकचं.

ब्लॉक करणं म्हणजे फायरवॉलवर, ऑफिसच्या इंटरनेटच्या फाटकावर, दहा मिनिटांचं काम. मीही हौसेनं केलंय. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात फोननं कागद स्कॅन करणारं कॅमस्कॅनर होतं. आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीला त्याच्या अँड्रॉइड ॲपमध्ये घातक कोड सापडला होता. तेव्हा मी एका ऑफिसात सगळ्यांना मेल टाकला होता, की ॲप काढून टाका. कुणीही काढलं नाही. बंदी आल्यावर मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पंधरा दिवसांनी डिस्पॅचच्या मुलांचे फोन पाहिले, तर अकरा जणांकडे सात वेगवेगळी स्कॅनर ॲप्स. प्ले स्टोअरवर जे पहिलं दिसलं ते. आधी मला एका ॲपची काळजी होती, आता सात झाली, आणि त्यातल्या चारांची नावं मी कधी ऐकलेली नव्हती.

कारण काय निघालं? ऑफिसचा स्कॅनर एचआरच्या केबिनमध्ये होता. ते कोविडमधले, दहा टक्के हजेरीचे दिवस. एचआरच्या मॅडम बदलापूरला घरी, केबिनला कुलूप आणि चावी मॅडमच्या पर्समध्ये. मी वर्षभर सुरक्षिततेचे मेल टाकत होतो आणि खरी गरज होती स्कॅनर चार फूट बाहेर, पॅसेजमध्ये ठेवण्याची. ठेवला. महिनाभरात ॲप्सचा प्रश्न जवळजवळ मिटला.

या प्रकाराला आमच्या धंद्यात शॅडो आयटी म्हणतात. कंपनीच्या आयटी विभागाला न विचारता वापरलेली साधनं. नाव नवं असलं तरी प्रकार जुना आहे. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क नावाचं पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट आलं, तेव्हा अमेरिकेतले अकाउंटंट आपल्या खात्याच्या खर्चातून ॲपल टू हा छोटा संगणक विकत आणू लागले, कारण कंपनीचा मोठा संगणक सांभाळणाऱ्या मेनफ्रेमवाल्यांकडून एक रिपोर्ट मिळायला आठवडे जायचे. आज ऑफिसात एक्सेलविना पान हलत नाही, त्याची सुरुवातही अशा आडवाटेनंच झाली. तुमच्या फॉर्ममध्ये निघालेल्या प्रत्येक नावामागे असं एखादं ताटकळलेलं काम असणार. ते काम कोणतं, हे कळेपर्यंत ब्लॉक करू नका. दोन अपवाद आहेत, ते पुढे सांगतो.

आता शोधायचं कसं. नावानिशी फॉर्म भरून घेणं ही चूक झाली. मेमो गेल्यावर तर पुढच्या फॉर्मला सगळे ‘काही नाही’ लिहितील. त्यापेक्षा फायरवॉलचा किंवा डीएनएसचा महिनाभराचा लॉग, म्हणजे कोणत्या साइट्स उघडल्या गेल्या याची नोंद, काढा आणि माणसांची नावं झाकून फक्त साइट आणि आकडा बघा. तुम्ही गूगल वर्कस्पेस वापरत असाल, तर ॲडमिन कन्सोलमध्ये एपीआय कंट्रोल्सखाली कोणकोणत्या बाहेरच्या ॲप्सना लोकांनी ‘अलाउ’ केलंय याची यादी मिळते. मायक्रोसॉफ्ट असेल तर एन्ट्रामध्ये एंटरप्राइझ ॲप्लिकेशन्स बघा. मीटिंगचं रेकॉर्डिंग करून मिनिट्स लिहून देणारे बॉट, कॅलेंडर जोडणारी ॲप्स, ‘मेल सुंदर करा’वाली एक्स्टेन्शन्स असं बरंच तिथं निघतं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी एकदा बटण दाबलं आणि त्या ॲपला त्याची पूर्ण मेलबॉक्स वाचायची मुभा अजून आहे. हे मात्र त्या दिवशीच काढून टाका, त्याला मालकांची मीटिंग नको.

तिसरी जागा कुणाला सुचत नाही : पेटी कॅश आणि रीइम्बर्समेंटची व्हाउचरं. महिना हजार-पंधराशेचं ‘सॉफ्टवेअर’ असं लिहिलेलं व्हाउचर म्हणजे कुणीतरी स्वतःच्या कार्डावर घेतलेली सेवा. आणि चौथी म्हणजे एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून अर्धा दिवस नुसतं बसणं. चहा मागवा, काही विचारू नका. सरकारी पोर्टलवर पीडीएफ चढत नाही, ‘साइज जास्त आहे’ म्हणतं, कस्टम्सचा एजंट फोनवर ओरडतोय, कट-ऑफ संध्याकाळी सहाचा. अशा वेळी त्या टेबलावरची मुलगी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट कुठल्यातरी परदेशी साइटवर चढवून लहान करून घेते. तिनं दुसरं काय करावं? तुम्ही तिच्या मशीनवर पीडीएफ२४सारखं ऑफलाइन चालणारं, फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलंत, तर फाइल मशीनबाहेर जाणारच नाही. वीस मिनिटांचं काम आहे आणि ते तुमच्या हातातलं आहे.

मराठी टायपिंगचं असंच. जुन्या फॉन्टमधली पत्रं युनिकोडमध्ये आणायला लोक ऑनलाइन कन्व्हर्टरवर पूर्ण पत्र चिकटवतात, आणि गूगल इनपुट टूल्सचा बंद झालेला विंडोज इन्स्टॉलर भलत्याच साइटवरून उतरवतात. मला एका ऑफिसात त्या इन्स्टॉलरसोबत आलेल्या तीन नको त्या गोष्टी सापडल्या होत्या. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा, बस. हे कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं.

आता धोक्यांकडे. यात माझं मत बऱ्याच सल्लागारांपेक्षा वेगळं आहे. ते तुम्हाला हॅकरची भीती घालतील. तुमच्या आकाराच्या कंपनीत मी सगळ्यात जास्त नुकसान पाहिलंय ते माणूस नोकरी सोडतो तेव्हा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बॅलार्ड इस्टेटमधलं एक कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस. डोंबिवलीहून येणारा एक पोरगा, हुशार. कंटेनर कुठे आहे, फ्री डेज (कंटेनर जादा पैसे न देता ठेवायची मुदत) कधी संपतात, रिकामा कंटेनर कधी परत करायचा हे सगळं त्यानं स्वतःच्या जीमेलमधल्या एका गूगल शीटवर बसवलं. लाल, पिवळं, हिरवं. सगळं ऑफिस त्यावर चालायचं, साहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. पोरगा पुण्याला दुसरीकडे लागला, निरोप समारंभ झाला, केक कापला. चार महिन्यांनी त्याचं ड्राइव्ह भरलं म्हणून त्यानं ‘जुनं ऑफिस’ हा फोल्डर उडवला. त्याला वाटलं, यांनी कॉपी केली असेल. गूगल ट्रॅशमधली फाइल ३० दिवस ठेवतं. ते ३० दिवस शीट उघडत होती, त्यामुळे इथे कुणाला पत्ताच नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी शीट नाही. कुठल्या कंटेनरचे फ्री डेज कधी संपतात ते शोधायला दोन माणसं आठवडाभर मेल उपसत बसली, आणि तेवढ्यात शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा रोजचा आकार, चढत गेलं. पोरानं फोनवर रडत माफी मागितली. त्याची चूक काय होती, हे मला आजही सांगता येणार नाही. ऑफिसनं त्याच्याकडे कंपनीच्या खात्यावर शीट बनवायला कधी सांगितलंच नव्हतं. कंपनीत तेव्हा गूगलचं खातंच नव्हतं.

म्हणून लॉग वाचताना प्रत्येक ॲपच्या नावापुढे एकच गोष्ट आधी लिहा : हे कुणाच्या नावावर आहे? उद्या तो माणूस आला नाही तर आपल्याला हे उघडता येईल का? व्हॉट्सॲपचाही मला गोपनीयतेपेक्षा हाच त्रास वाटतो. परदेशी ग्राहकाला सेल्समनचा नंबर पाठ असतो, कंपनीचा नसतो. सेल्समन गेला की पाच वर्षांचा पत्रव्यवहार, दर, सॅम्पलचे फोटो सगळं त्याच्या खिशात जातं. व्हॉट्सॲप बंद करून निर्यातीचा धंदा चालणार नाही, हे तुमचे मालक तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. कंपनीच्या नावावर सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा, आणि ठरवा की दर आणि ऑर्डरची खात्री त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवर गेली पाहिजे. सिमचं महिन्याचं बिल एका कंटेनरच्या एका दिवसाच्या डिटेन्शनपेक्षा कमी येतं.

आता ते दोन अपवाद.

पहिला, दुरून मशीन ताब्यात घेणारी सॉफ्टवेअर्स : एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर वगैरे. अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्याचा फोन येतो, ‘मॅडम, आयडी सांगा’, आणि मॅडम सांगतात. तो काम करून जातो, सॉफ्टवेअर तसंच चालू राहतं, आणि बऱ्याचदा त्यानं सोयीसाठी कायमचा पासवर्डही ठेवलेला असतो, सगळ्या ग्राहकांना एकच. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क वापरून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. तुमच्या अकाउंट्सच्या मशीनवरून नेट बँकिंग चालतं, हे विसरू नका. इथे सोमवारची वाट पाहू नका, आजच ब्लॉक करा. पण सपोर्टवाला उद्या येणारच आहे. त्यासाठी एकच मंजूर साधन ठेवा, तुमच्या समोर चालू होईल, काम झाल्यावर बंद होईल असं.

दुसरा अपवाद, लोकांची वैयक्तिक माहिती फुकट खात्यातल्या एआयला देणं. हेही लगेच थांबवायचं, पण नुसत्या ब्लॉकनं थांबत नाही. इथे मी थोडा सविस्तर बोलतो, कारण तुमचा मेमो इथलाच आहे.

सॅमसंगची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण ती अर्धी सांगितली जाते. २०२३ मध्ये त्यांच्या सेमीकंडक्टर विभागात चॅटजीपीटी वापरायला आधी परवानगी दिली होती. काही आठवड्यांतच तीन प्रकरणं निघाली : दोघांनी कोड टाकला, एकानं मीटिंगचं रेकॉर्डिंग मजकुरात उतरवून मिनिट्स करायला दिलं. मे महिन्यात कंपनीनं बंदी घातली. म्हणजे नुसतं ‘वापरा’ म्हणणंही पुरत नाही, काय टाकायचं आणि काय नाही हे माणसाला उदाहरणासह सांगावं लागतं. आपल्या अर्थ मंत्रालयानंही २०२५ च्या जानेवारीत ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक टाळा असं कर्मचाऱ्यांना कळवलं. मंत्रालयाला ते शक्य आहे. तुमच्याकडे ऑफिसच्या संगणकावर ब्लॉक केलंत, तर लोक टेबलाखाली फोन धरून स्क्रीनचा फोटो काढतील आणि तोच अपलोड करतील. तेव्हा तुमच्या लॉगमध्ये काहीच उमटणार नाही. हे मी पाहिलंय.

कायद्याचं सांगायचं तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. ती कमाल मर्यादा आहे. सल्लागार तेवढाच आकडा स्लाइडवर ठेवून घाबरवतात, तुम्ही घाबरू नका. पण कामगारांची यादी कंपनीच्या ताब्यात असते आणि जबाबदारी कंपनीची असते, मुलीची नाही, एवढं मालकांना नीट सांगा.

करायचं असं. आठ-दहा लोकांसाठी बिझनेस खातं विकत घ्या. मोठ्या एआय कंपन्यांच्या व्यावसायिक योजनांत तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरला जात नाही अशी अट साधारणपणे मुळातच असते; फुकट खात्यात ते सेटिंग स्वतः शोधून बंद करावं लागतं, आणि कुणी करत नाही. अट वाचून घ्या. मग एक पान लिहा, मराठीत आणि हिंदीत, ज्यात ‘संवेदनशील माहिती’ हा शब्द येणार नाही. त्याऐवजी लिहा : आधार, पॅन, बँक खातं, पगार, कामगाराचं नाव, ग्राहकाचा दर, ड्रॉइंग. या सात गोष्टी टाकायच्या नाहीत. पत्राचा मसुदा, भाषांतर, एक्सेलचा फॉर्म्युला चालेल. नावांच्या जागी ‘क’, ‘ख’ लिहून चालेल.

आणि उत्तर तपासायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, असं न्यायालयानं सुनावलं. तुमच्या अकाउंट्समधून जीएसटीच्या नोटिशीला उत्तरं जात असतील, तर हा प्रकार त्यांना कॉफी घेता घेता सांगा. माहितीच्या गोपनीयतेवरच्या व्याख्यानापेक्षा तो जास्त लक्षात राहील.

मंजुरीचा रस्ता एक असू द्या आणि तो छोटा ठेवा. कुणी नवं साधन मागितलं तर तीन कामाच्या दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर त्याऐवजी काय वापरायचं ते. तीन दिवसांत उत्तर गेलं नाही तर तुमच्याकडून गेलं नाही, असं मालकांना कळेल अशी सोय ठेवा. जिथे उत्तराला महिना लागतो तिथे लोक विचारणं बंद करतात. मी स्वतः एकेकाळी असा महिना लावणारा आयटीवाला होतो, म्हणून सांगतो.

पावसाचंही बघा. रेड अलर्ट आला की आदल्या संध्याकाळी पाच ते सात माझ्या एका जुन्या ऑफिसात मेलचा लॉग उसळायचा : सगळे स्वतःच्या जीमेलवर फाइली पाठवायचे, उद्या लोकल चालतील न चालतील म्हणून. २५ एमबीची मर्यादा आडवी आली की पेन ड्राइव्ह. याला शिस्तभंग म्हणाल, तर मग पुढच्या दिवशी घरून काम कसं करायचं तेही सांगा. जूनच्या आधी व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायची सोय) आणि लॅपटॉप तपासून ठेवा. कल्याणच्या माणसाला स्वतःला मेल करावा लागला, तर त्याच्यामागे तुमचं राहिलेलं काम आहे.

एक नाजूक मुद्दा. नियम मालकांच्या केबिनलाही लावा. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकानं, जे. पी. मॉर्गनच्या ब्रोकरेज शाखेला १२.५ कोटी डॉलर दंड केला, कारण कामाच्या गोष्टी खासगी फोनवर, व्हॉट्सॲपवर बोलल्या जात आणि नोंद राहत नसे. त्यात ज्यांनी इतरांवर देखरेख करायची, ते वरिष्ठच होते. तुमच्याकडेही लॉग काढलात तर पहिलं नाव बहुधा केबिनमधलंच येईल. म्हणूनही नावं झाकून काढा.

राहिला मेमो.

तुमच्या फॉर्मला इतकं खरं खरं उत्तर देणारी बहुधा ती एकटीच. तिला मेमो मिळाला हे दुपारपर्यंत कँटीनला कळलं असणार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते. उद्या खरोखर काही घडलं, कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं, तर ते तुम्हाला सहा तासांत कोण सांगणार? मेमो पाहिलेला माणूस तर नाही.

यादी टाकणं चूकच होतं, ते तिला सांगा. तिच्या शेजारी बसून तो चॅट डिलीट करा, हिस्ट्री आणि ट्रेनिंगची सेटिंग बंद करा, शेअरची लिंक बनवली होती का विचारा, बनवली असेल तर तीही काढा. यादीत काय काय होतं ते लिहून फाइलला लावा. मग विचारा, त्या पत्राचा मसुदा एरवी कोण करतं. माझा अंदाज, कुणीच करत नाही. साहेबांना मराठी वाचता येत नाही आणि पत्र तिच्या टेबलावर चार वाजता येऊन पडतं.

आणि मेमो मागे घ्या. तोंडी नको. ज्या मेलवरून दिला त्याच मेलवरून, सीसीमध्ये तीच माणसं ठेवून.